चिक्काला मराठी येत नाही

५ जानेवारी

डाव्या हातानं लिहितोय. अक्षर अंगणवाडीतल्या पोराचं दिसतंय. ही डायरी बायकोनं, संयोगितानं आणली. म्हणाली, रोज चार ओळी लिहा, हाताला वळण लागेल. या झाल्या चार ओळी.

७ जानेवारी

काही नाही.

८ जानेवारी

एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे परत लिहायला नको. गेल्या मे महिन्यात फौंड्रीत उजवा हात मशीनमध्ये सापडला. अंगठ्याशेजारचं बोट आणि मधलं बोट गेलं, त्याच्या पुढचं अर्धं गेलं. चूक कुणाची नव्हती. कंपनीनं गेटवर बसायचं काम देतो म्हटलं, मी नको म्हटलं. ज्या पोरांना हाताखाली घेऊन काम केलं, त्यांचे नमस्कार घेत गेटवर बसायचं मला जमलं नसतं. आता घरात बसतो.

संयोगिता ब्लाऊज शिवते. तिचं मशीन दिवसभर चालू असतं.

१२ जानेवारी, रविवार

जोतीराम आलता. आम्ही तालमीच्या फुटबॉल टीमला वर्षानुवर्षं बरोबर खेळलो. तो पुढं, मी गोलमध्ये. खेळणं सुटल्यावर मी रोज संध्याकाळी गांधी मैदानावर नव्या गोलकीपरांना शिकवायला जायचो. हात गेल्यापासून मैदानाकडं फिरकलो नाही.

"किती दिवस घरात बसणार हाईस?" जोत्या म्हणाला.

"गोलकीपरला हात लागतात."

"शिकवायला तोंड लागतं. ते तर शाबूत हाय की तुझं."

चहा पिऊन तो उठला. संयोगिता त्याला सोडायला खाली गेली ती बराच वेळ वर आली नाही. विचारलं तर म्हणाली, भाजीवाली आलती. हातात भाजी मात्र नव्हती.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ घ्यायला कुणाच्या घरी गेलो नाही. तिळगूळ उजव्या हातानं घ्यावा लागतो.

दुपारी संयोगिता म्हणाली, तिच्याकडं ब्लाऊज टाकणाऱ्या सुष्मिता हुक्केरी म्हणून आहेत, रंकाळ्याच्या पलीकडं अंबाई टँकजवळ बंगला आहे. त्यांच्या सासऱ्यांचं मांडीचं हाड मोडलंय. म्हातारा अंथरुणावर, आणि त्यांचं कुत्रं फिरवायला कुणी नाही.

"मग? मी कुत्री फिरवू?"

"मी कुठं म्हटलं तुम्ही फिरवा? कुणी भरवशाचा माणूस तुमच्या ओळखीत असला तर बघून द्या, एवढंच."

माणूस बघून द्यायला हरकत नाही. पण कुत्रं कसं आहे ते बघितल्याशिवाय माणूस कसला पाहिजे हे कळणार कसं? उद्या जाऊन बघून येतो.

१५ जानेवारी

कुत्रं नव्हे, घोडा आहे. मुधोळ जातीचं, तपकिरी, कमरेएवढं उंच, पोट पाठीला लागलेलं. नाव चिक्का. सुष्मितावहिनी म्हणाल्या, कानडीत चिक्का म्हणजे लहान. पिल्लू असताना ठेवलेलं नाव. मला बघून त्यानं दात दाखवले.

त्यांचे मालक बसवेश दारातच उभे राहून बोलले, अंगणात उतरले नाहीत. पांढरा कडक शर्ट, हातात फोन. गुळाची अडत आता तेच बघतात. म्हणाले, "माणूस बघायच्या भानगडीत पडू नका. पेठ वडगावला माझ्या मित्राचा मळा हाय. महिनाअखेरीला तिकडं सोडणार हाय ह्याला. दिवसभर गळा काढतंय, सगळी बाग उकरून ठेवलीय."

वहिनी हळूच म्हणाल्या, "ते गेलं की अण्णा कायमचे झोपले म्हणून समजा." बसवेशनी ऐकलं आणि फोन कानाला लावला.

अण्णांना, म्हणजे वहिनींच्या सासऱ्यांना भेटलो. चन्नाप्पा हुक्केरी. भिंतीकडं तोंड करून पडलेले. वळून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "हाताला काय झालं रे?"

एवढ्या महिन्यांत असं तोंडावर कुणी विचारलं नव्हतं. लोक बघतात आणि नजर काढून घेतात. मी म्हटलं, "मशीनमध्ये गेला."

"हं. तुझं मशीन, माझं बाथरूम," म्हणाले आणि परत भिंतीकडं वळले.

१७ जानेवारी

बसवेश नको म्हणाले तरी दोघा-तिघांना विचारलं. एकाला दारूचं व्यसन, एकाला सकाळी उठायचं जमत नाही. तिसरा म्हणाला, शिवाजी पेठेतला माणूस दुसऱ्याची कुत्री फिरवत नसतो. योग्य माणूस मिळेपर्यंत चार दिवस मीच जातो असं ठरवलं. संयोगिताला सांगितलं तर ती सुईत दोरा ओवत म्हणाली, "बघा बाई, तुम्हाला जमेल का?" न जमायला काय झालं?

१८ जानेवारी

जमलं नाही. वहिनींनी गळ्यातल्या पट्ट्याला दोरी अडकवून दिली. गेटपर्यंत आला आणि बसला. मी चल म्हटलं, ऊठ म्हटलं, बिस्किट दाखवलं. ढिम्म. ओढायला गेलो तर पाय रोवून बसला. रस्त्यानं जाणारे थांबून बघायला लागले. घामानं शर्ट भिजला. दोरी डाव्या हातात, उजवा खिशात.

तेवढ्यात खिडकीतनं अण्णांचा आवाज आला, चांगला खणखणीत. "अरे, त्याला मराठी येत न्हाय. बा म्हण, बा. म्हंजे ये."

"बा," मी म्हटलं.

कुत्रं उठून उभं राहिलं.

"थांबायचं असलं की निल्लु म्हणायचं. आणि मोठ्यानं म्हण. ते काय मंत्र न्हाय तोंडातल्या तोंडात पुटपुटायला."

कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन आलो. आत जाऊन बघितलं तर अण्णा उशीला टेकून बसले होते. वहिनींच्या डोळ्यांत पाणी का आलं कळलं नाही. कोपऱ्यापर्यंतच तर गेलतो.

२१ जानेवारी

रंकाळ्यापर्यंत गेलो. सकाळी सगळी दुनिया असते तिथं, पळणारे, चालणारे, भेळेच्या गाड्या धुणारे. पेठेतली दोन पोरं भेटली. "कृष्णादा, वाघ पाळला काय?" म्हणाली. चेष्टाच असणार. टोपी पुढं ओढली.

एक गोष्ट ध्यानात आली. सगळे लोक कुत्र्याकडंच बघतात. केवढं उंच आहे, कुठल्या जातीचं, चावतं का. माणसाकडं कोण बघत नाही. दोरी धरणारा आहे का नाही याची कुणाला फिकीर नाही.

२४ जानेवारी

म्हाताऱ्यानं डोकं खाल्लं. परत आल्यावर रोज उलटतपासणी. कुठवर गेलास? पाणी किती हाय? जलपर्णी आली काय? संध्यामठाच्या पायऱ्या दिसतात का पाण्याखाली हायत? मी म्हटलं, मी तिकडं गेलोच नाही, पदपथावरनंच परत आलो.

"मग फिरवलंस काय? कुत्र्याला नुसतं चालायचं नसतं, त्याला जग बघायचं असतं. उद्या संध्यामठापर्यंत जा आणि बघून सांग."

माझं काम कुत्रं फिरवायचं, बातम्या आणायचं नाही. तसं बोलणार होतो, राहिलं.

२५ जानेवारी

तळ्यातल्या संध्यामठाचा वरचा भाग दिसतो, पायऱ्या पाण्यात आहेत. तीन पाणकावळे पंख पसरून बसले होते. अण्णांना सांगितलं. डोळे मिटून ऐकत होते, मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "बगळे किती?" ते मोजले नव्हते.

३० जानेवारी

महिनाअखेर आली. सकाळी बसवेश दारात उभे होते. मनात म्हटलं, आज वडगावची गाडी येणार. चिक्का माझ्या पायाशी बसला होता. बसवेश त्याच्याकडं बघत राहिले, दोन पावलं मागं सरले आणि म्हणाले, "अण्णा काल दोन भाकऱ्या जेवले. राहू दे आणखी महिनाभर."

नंतर वहिनींनी सांगितलं, लहानपणी बसवेशना कुत्रं चावलं होतं, मांडीवर अजून वण आहे. सासूबाई गेल्यावर अण्णांनी हे पिल्लू आणलं, तेव्हापासून बसवेश अंगणातनं सरळ चालत नाहीत, कडेकडेनं जातात. एवढा मोठा व्यापारी. मला हसू आलं नाही.

३ फेब्रुवारी

अक्षर बरं येतंय. संयोगितानं वाचून बघितलं नाही, लांबूनच म्हणाली, ओळी सरळ आल्यात.

९ फेब्रुवारी, रविवार

दुसरं कुत्रं गळ्यात पडलं. अण्णांच्या शेजारच्या वर्षाराणी मॅडम शाळेत शिकवतात, सकाळची शाळा. त्यांचं पॉमेरेनियन, पांढरं, कापसाच्या बोळ्याएवढं, नाव कँडी. मी म्हटलं, मॅडम, एक चालतंय, पण हे घेऊन मी पेठेतल्या माणसांसमोरनं कसा जाऊ? त्या म्हणाल्या, "तुम्ही गोलकीपर होता ना? माझा भाऊ तुमचा खेळ बघायला यायचा. म्हणायचा, हा माणूस कुणाला घाबरत न्हाय."

घेतलं.

चिक्काच्या पोटाखालनं कँडी आरपार जाते. भुंकते मात्र चिक्कापेक्षा जास्त. एक कानडीत चालतं, एक इंग्रजीत. मधे मी.

१३ फेब्रुवारी

रंकाळ्यावर अण्णांच्या वयाची चार माणसं एका कट्ट्यावर बसतात. चिक्काला ओळखून थांबवलं. "चन्नाप्पाचं कुत्रं हे. तो कुठं हाय? फोन उचलत न्हाय, घरी गेलो तर झोपलाय म्हणून सांगतात."

अण्णांना सांगितलं तर चिडले. "त्यांना काय सांगू नकोस. वॉकर धरून चाललेलं बघायचंय त्यांना."

"कुणाला असं बघायची हौस असते, अण्णा? काळजीनं विचारत होती माणसं."

अण्णा माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तुझी ती फुटबॉलवाली माणसं येतात काय तुला विचारायला?"

मी म्हटलं, येतात.

"मग?"

मी म्हटलं, चिक्काला पाणी ठेवायचं राहिलंय, आणि बाहेर आलो. म्हाताऱ्याला विषयात विषय काढायची खोड आहे.

२० फेब्रुवारी

फिजिओथेरपीवाल्या मॅडम वैतागून गेल्या. अण्णा पलंगाच्या कडेला बसतात, खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात, पण पायावर उभं राहायला तयार नाहीत. हाड भरलंय, आता नुसती भीती आहे असं त्या म्हणाल्या. भीती म्हटल्यावर अण्णांनी तोंड फिरवलं.

मी परत येताना आता खिडकीसमोर थांबतो. तिथनं त्यांना चिक्का दिसतो. बगळे सहा होते.

४ मार्च

ऊन वाढलं. सकाळी लवकर निघतो. संयोगिता म्हणाली, "माणूस मिळाला काय त्यांना?" मी म्हटलं, कसला माणूस? "कुत्रं फिरवायला हो. तुम्ही बघून देणार होता." विसरूनच गेलतो. म्हटलं, आता नव्या माणसाला कानडी शिकवत बसायचं म्हणजे परत ताप. ती तोंडाला पदर लावून आत गेली. बायकांना कशाचं हसू येतं सांगता येत नाही.

११ मार्च

जोत्यानं फोन केला. टीम सेमीला पोचली. "बघायला ये." म्हटलं, कुत्री हायत. "कुत्री रात्रंदिवस फिरत्यात काय?" फोन ठेवला.

खरं लिहायचं तर, मैदानावर गेलो की पोरं बॉल माझ्याकडं टाकणार. सवयीनं टाकणार. आणि मी सवयीनं हात पुढं करणार. मग बॉल हातातनं निसटून मागं जाईल आणि सगळी पोरं गप्प होतील. ते गप्प होणं मला नकोय.

२३ मार्च, रविवार

हे लिहायला नको वाटतंय, तरी लिहितो.

आज फायनल होती. गेलो नाही. संध्याकाळी घरात बसवेना. कँडीला मॅडमनी घरीच ठेवलं, म्हणून एकट्या चिक्काला घेऊन रंकाळा स्टँडच्या बाजूनं निघालो. फोन वाजला. जोत्याचा. डाव्या हातानं फोन काढायचा म्हणून दोरी उजव्या हातात घेतली. अंगठ्यात आणि करंगळीत धरली. असं कधी करत नाही.

"जिंकलो, कृष्णा," तो ओरडत होता. मागं ढोल वाजत होते. मी पण काहीतरी म्हणालो. आणि त्याच वेळी समोरच्या चौकात कुणीतरी फटाक्यांची माळ लावली.

चिक्कानं एकच हिसका दिला. दोरी हातातनं गेली. मी आवळून धरायला गेलो आणि आवळायला बोटंच नव्हती. गर्दीतनं, मोटारसायकलींमधनं तो सरळ गेला आणि दिसेनासा झाला. मी पळालो. बा, बा म्हणून ओरडत पळालो. लोकांना वाटलं असेल, जिंकल्याचं वेड लागलंय.

हुक्केरींच्या घरी गेलो. वाटेत एकदा वाटलं होतं की फोन करून सांगावं. पण पायानं गेलो. अण्णा खिडकीजवळच्या खुर्चीत होते, माझ्या हातात दोरी नाही बघून समजले. मी म्हटलं, "अण्णा, सुटला माझ्या हातनं. फटाक्याला बुजला."

शिव्या देतील असं वाटलं. ते म्हणाले, "सुष्मिता, वॉकर आण."

बसवेश म्हणाले, "अण्णा, तुम्ही बसा, आम्ही बघतो."

"आण म्हटलं ना."

दोन्ही हातांनी वॉकर धरून उभे राहिले. बसवेशनी मागनं दोन्ही कोपरांना धरलं. एक एक पाऊल टाकत खोलीतनं हॉलमध्ये, हॉलमधनं अंगणात, अंगणातनं गेटपर्यंत. गेटला छाती टेकवून म्हातारा रस्त्याकडं तोंड करून इकडं ये म्हणून हाका मारायला लागला, "चिक्का, बा इल्ली. बा, चिक्का." लांब कुठंतरी फटाके वाजतच होते. आम्ही तिघं मागं उभे.

जोत्याला सगळं सांगितलं. मिरवणूक सोडून दहाबारा पोरं गाड्यांवरनं आली, अंगावर गुलाल तसाच. कोण फुलेवाडीकडं, कोण जुन्या वाशी नाक्याकडं, कोण पंचगंगेकडं गेलं. अजून पत्ता नाही.

संयोगितानं जेवायचा आग्रह केला नाही. शेजारी बसून राहिली.

२४ मार्च

उजाडता उजाडता दाराशी गाडीचा हॉर्न. बसवेश. म्हणाले, "तुमच्या टीममधल्या एका पोराचा फोन आलता. गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर एक उंच कुत्रं हाय म्हणतोय. चला."

गंगावेशीत म्हशी आणून लोकांसमोर धार काढून देतात, तिथं सकाळी गर्दी असते. तानाबाई म्हणून एक बाई म्हशीजवळ बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "पावणं, कुत्रं तुमचं व्हय? मी आलो तवापासनं म्हशीच्या मागं दडून बसलंय. म्हस लाथ घालंल म्हटलं, तर ती बी काय म्हणना झालीय त्याला."

भिंत आणि म्हैस यांच्या फटीत चिक्का अंग चोरून बसला होता. दोरी गुंतून गळ्याशी आलेली, एक पाय खरचटलेला. मी बा म्हटलं. नुसता बघत राहिला. पुढं सरकलो तर दात दाखवले, पहिल्या दिवशी दाखवले तसे. चूक त्याची नाही, काल माझ्याच हातात असताना जग फुटलं होतं. मी परत बा म्हटलं, माझा आवाज मलाच बरोबर वाटेना.

बसवेश लांब उभे होते. मी त्यांच्याकडं वळून म्हटलं, "तुम्ही बोलवा. तुमचा आवाज अण्णांसारखा हाय."

"मी?"

"माझी फोनवर कायम गफलत होते, अण्णा बोलतात का तुम्ही."

ते पुढं आले. म्हशीपासून दोन हातांवर थांबले. चेहरा पांढरा पडला होता. मग तसेच त्या शेणात उकिडवे बसले, कडक शर्टानिशी, आणि म्हणाले, "चिक्का. बा इल्ली."

हुबेहूब अण्णा. चिक्कानं कान उभे केले.

"बा, चिक्का. साकु, बस आता. घरी अण्णा वाट बघालेत." पुढं कानडीत काय काय बोलत राहिले, मला समजलं नाही. चिक्का हळूहळू फटीतनं बाहेर आला, सरपटत, आणि बसवेशच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. त्यांनी हात वर हवेत धरलेला होता. बऱ्याच वेळानं तो खाली आणला आणि कुत्र्याच्या मानेवर ठेवला. मग काढून घेतला नाही.

तानाबाईंनी दुधाचा गिलास पुढं केला. कुत्र्याला का माणसाला ते मी विचारलं नाही. बसवेशनी पिऊन टाकला.

घरी आल्यावर अण्णा गेटपाशीच होते. खुर्ची टाकून घेतली होती. चिक्कानं त्यांना पाडलंच असतं.

२६ मार्च

काल गेलो नाही. ताप आला म्हणून निरोप दिला. ताप नव्हता.

आज दुपारी जाऊन अण्णांना सांगितलं की दोन्ही हात धड असलेला माणूस बघून देतो.

अण्णा शेंगा सोलत होते. म्हणाले, "मी बाथरूममध्ये पडलो. आता आंघोळ बंद करू काय?"

"तसं न्हाय, अण्णा."

"मग कसं? दोरी मनगटात अडकवायची, बोटात धरायची न्हाय. एवढी साधी गोष्ट. सुष्मितानं तुझ्या बायकोला कवाच सांगितलीय, ती जाड पट्टी शिवालीय म्हणे मनगटाला बांधायला. तुला सांगितलं न्हाय?"

घरी आलो. संयोगिताच्या मशीनवर खरंच निळ्या जाड कापडाची पट्टी होती, आत स्पंज घालून शिवलेली, बकल लावलेलं. म्हटलं, ही कधीपासून शिवतेस? "महिना झाला," म्हणाली, "देऊ का नको असं वाटत होतं. तुमच्या हाताबद्दल काय बोललेलं तुम्हाला चालत न्हाय."

मी हात पुढं केला, उजवा. तिनं पट्टी बांधून बघितली. थोडी सैल होती, तिथंच बसून एक टाका आत घेतला.

२ एप्रिल

पट्टीमुळं चिक्कानं हिसका दिला तरी दोरी जात नाही. डावा हात मोकळा राहतो, त्यात कँडी. आता दोन्ही हात बाहेर असतात, खिशात ठेवायला जागाच नाही.

कँडीला बघून तिसऱ्या घरानं विचारलं. लॅब्रॅडोर आहे, जाड, आळशी. बघू म्हटलं.

६ एप्रिल

अण्णा रोज गेटपर्यंत येतात. बसवेश दुकानाला जायच्या आधी अंगणातनं सरळ चालत येतात आणि चिक्काच्या डोक्यावर हात ठेवतात. पटकन, गरम तव्याला लावल्यासारखा. पण ठेवतात.

वडगावच्या मळ्याचं नाव कुणी काढत नाही.

१३ एप्रिल, रविवार

आज मोठा दिवस गेला. हात दुखतोय, पण लिहितो.

संध्याकाळी बसवेशनी अण्णांना गाडीत बसवून रंकाळ्यावर आणलं. मागच्या सीटवर चिक्का, आणि मी. उतरल्यावर अण्णांनी वॉकर घेतला, शर्टाची कॉलर नीट केली, आणि आम्ही त्या चौघांच्या कट्ट्याकडं निघालो. लांब नाही, पण बराच वेळ लागला. चिक्का त्यांच्या बरोबरीनं चालत होता, मी न सांगता हळू. कट्ट्यावरचा एक म्हातारा उठून उभा राहिला, मग बाकीचेही उठले.

अण्णा म्हणाले, "बसा, बसा. कोण मेल्यासारखं उभं राहू नका."

एकानं विचारलं, "एवढे दिवस होतास कुठं?"

"रोज हितंच होतो," अण्णांनी माझ्याकडं बोट केलं. "ह्याला विचारा. बगळे किती हायत ते पण सांगतो तुम्हाला."

मग त्यांनी माझ्याकडं हात पुढं केला. मला कळलं नाही. "दोरी दे," म्हणाले. दिली. त्यांनी ती वॉकरच्या दांडीला बांधली, बसवेशनी गाठ तपासली आणि तेही कट्ट्यावर बसले, कुत्र्याच्या अगदी शेजारी.

"तू जा आता," अण्णा म्हणाले.

"कुठं?"

"कुठं म्हणून मला विचारतोस? हितनं मैदान किती लांब हाय? कुत्रं आम्ही बघतो तासभर."

मी उभाच राहिलो. सगळे आपापसात बोलायला लागले, माझ्याकडं कुणी बघेना. मग निघालो. घराकडंच जायचं ठरवलं होतं. शिवाजी पेठेत शिरलो आणि पाय गांधी मैदानाकडं वळले.

जोत्या मैदानावर होता. मला बघून पळत आला नाही, हात हलवला नाही, जसा कालच आलो होतो. नुसता म्हणाला, "उशीर केलास. कीपर तिकडं हायत."

गोलमध्ये दोघं आलटून पालटून उभे राहत होते. बघितलं, दोघंही बॉल अंगावर यायची वाट बघतात, पुढं येत नाहीत. मग राहवलं नाही. म्हटलं, बाजूला हो, असं नसतं. चपला काढल्या आणि गोलमध्ये उभा राहिलो. मनगटावरची पट्टी सोडायची राहिली होती.

समोरनं जोत्यानंच बॉल लावला. सावकाश टाकेल असं वाटलं होतं. नाही टाकला. पूर्वी लावायचा तसाच लावला, उजवीकडं, छातीच्या उंचीला. मी हात पुढं केले, दोन्ही. बॉल तळव्यावर आदळला आणि निसटला. मागं गेला नाही, समोर पडला. मी त्याच्यावर पडलो आणि पोटाशी धरला.

कुणी गप्प झालं नाही. जोत्या म्हणाला, "आणखी एक."

अंधार पडेपर्यंत तिथं होतो. बॉल पकडता येणार नाहीत, पण अडवता येतील, आणि पोरांना पुढं यायला शिकवता येईल. चार सुटले, पाच सुटले असतील. रंकाळ्यावर परत गेलो तेव्हा बसवेश एकटेच कट्ट्यावर होते, चिक्का शेजारी बसलेला, दोरी त्यांच्या हातात. अण्णा वॉकर घेऊन दोस्तांबरोबर पुढं पाणी बघायला गेले होते. बसवेश म्हणाले, "ह्याला निल्लु म्हटलं तर खरंच थांबतंय हो."

घरी आलो. संयोगितानं माझा तळहात उताणा करून बघितला. लालभडक झालाय. हळद लावू का म्हणाली. नको म्हटलं. अजून झिणझिण्या येतायत, जी बोटं नाहीत त्यांनाही. असू देत.

उद्या लवकर उठायचंय. तीन कुत्री आहेत, आणि संध्याकाळी मैदान.